सरड्याच्या पायाखालची भूमी

गोठा बांधावयास निघालेला शेतकरी छपराचा विचार मागाहून करतो. आधी तो जमिनीकडे पाहतो. जमीन निसरडी असली तर गाय घसरून पाय मोडून घेते, ओली राहिली तर खुरांना रोग लागतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून तो मुरूम टाकतो, पाणी शिंपडून चोपून घेतो आणि मूत्र वाहून जावे एवढा उतार ठेवतो. जनावराचे आरोग्य त्याच्या पायांपासून सुरू होते, ही आपल्या कृषिजीवनातील जुनी समजूत आहे. परंतु तोच मनुष्य किंवा त्याचा नातू जेव्हा शहरातील सदनिकेत राहावयास येतो आणि गाईच्या जागी काचेच्या पेटीतील एखादा परदेशी प्राणी घरी आणतो, तेव्हा ही समजूत कोठे हरवते कोण जाणे! पेटीला दिवा कोणता लावावा, मागच्या बाजूला चित्र कोणते चिकटवावे, याची चर्चा घरभर होते. तळाला काय घालावे, हे मात्र दुकानदार जी पिशवी हाती देईल तिच्यावर सोपवले जाते.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच तळ आहे. चेन्नईच्या दक्षिण भागात वेलचेरी नावाची वस्ती आहे. एकेकाळी तळ्याकाठचे हे गाव आता उंच इमारतींचे उपनगर झाले असून नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही तेथे राहतात. अशा घरांतील मुलांना कुत्रा पाळावयाचा असतो. पण जागा अपुरी आणि इमारतीचे नियम कडक. मग कोणी मासे आणतो, कोणी पोपटासारखे परदेशी पक्षी आणतो, आणि अलीकडे काही घरांत एक विलक्षण पाहुणा येऊन राहिला आहे. इंग्रजीत त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणू.

नावात राक्षस असला तरी स्वभावाने हा प्राणी अत्यंत शांत. आपल्या कुंपणावर बसून मान हलवणारा जो सरडा, त्याच्याच ‘अगामिडी’ कुळातला हा ऑस्ट्रेलियातील नातेवाईक होय. त्याचे शास्त्रीय नाव ‘पोगोना व्हिटिसेप्स’. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आल याने १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. गळ्याखाली काटेरी खवल्यांची झालर असते. राग आला वा भय वाटले की तो ती फुगवतो आणि ती काळी पडते, म्हणून ही दाढी. अंड्यातून बाहेर पडते वेळी पिल्लू शेपटीसह जेमतेम १० सेंटिमीटर असते, आणि योग्य पोषण मिळाल्यास एक ते दीड वर्षात ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत वाढते. त्यापुढे आठ-दहा वर्षे ते आपल्याबरोबर राहू शकते. म्हणजे दुसरीत शिकणाऱ्या मुलासाठी आणलेला सरडा तो मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असावयाचा. एवढ्या दीर्घ मुक्कामाच्या पाहुण्याला कशावर चालवावे आणि निजवावे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

मी शासकीय सेवेतला मनुष्य असल्यामुळे कायद्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात केव्हाच बंद केली आहे. जगभर विकले जाणारे दाढीवाले सरडे हे बंदिवासात जन्मलेल्या पिढ्यांचे वंशज होत. असे परदेशी प्राणी प्रवाशांच्या सामानातून चोरून आणण्याचे प्रयत्न चेन्नईच्या विमानतळावर वारंवार पकडले गेले आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंद ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले असून जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण हेही कळवावे लागते. तेव्हा प्राणी घेण्यापूर्वी त्याचा उगम दाखवणारी कागदपत्रे मागावीत, आणि विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबून न राहता वनखात्याकडे लेखी विचारणा करावी. आपली घोरपड आणि तारा-कासव हे तर संरक्षित प्राणी. त्यांना घरी ठेवणे हा सरळ गुन्हाच आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका नागपूरकर कुटुंबातील मुलाने मला एकदा विचारले, “काका, हा वाळवंटातला प्राणी आहे ना? मग ह्याला वाळू नको का?” प्रश्न मोठा तर्कशुद्ध आहे, आणि बहुतेक लोक नेमके याच तर्काने चुकतात. पेटीत वाळू पसरली, वर एक निवडुंगाची प्रतिकृती ठेवली, की आपण ऑस्ट्रेलियाचे वाळवंट दिवाणखान्यात आणले असे आपल्याला वाटते. पण हा सरडा ज्या प्रदेशातून आला तो म्हणजे चित्रपटातील सहारा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि मध्य भागांतील कोरडी माळराने, विरळ झाडी आणि झुडपांची वने हे त्याचे घर. तेथील तांबडी माती पुष्कळ ठिकाणी उन्हाने भाजून घट्ट झालेली असते. तिच्यावर खडक असतात, पडलेली खोडे असतात. हा सरडा त्या खोडांवर, कुंपणाच्या खांबांवर चढून ऊन खातो. भुसभुशीत वाळूच्या ढिगात पाय रुतवीत चालणे हा त्याचा नित्याचा जीवनक्रम नाही.

प्रत्येक प्राण्याच्या आयुष्यात त्याच्या भूमीचे स्थान किती नेमके असते, याची उदाहरणे आपल्या देशातही आहेत. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर, जांभ्या खडकाच्या माळावर, गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला एक सुंदर सरडा राहतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि तिला आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ असे नाव दिले. उघडा खडकाळ माळ हाच त्याचा संसार. उलट चेन्नईहून महाबलिपुरमकडे जाताना वडनेम्मेली येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली मगर-पेढी लागते. तेथील मगरींच्या माद्यांना मऊ माती आणि वाळू हवीच; कारण त्या तीत खड्डा करून अंडी घालतात, आणि त्या घरट्याच्या उष्णतेवरच पिल्ले नर होणार की माद्या हे ठरते. तात्पर्य, ‘सरपटणारा प्राणी म्हणजे वाळू’ हे समीकरण खोटे आहे. कोणता प्राणी, कोणत्या वयाचा आणि कोणत्या कामासाठी, हे विचारल्यावाचून जमिनीचा निर्णय होऊ शकत नाही.

लहान पिल्लाच्या पेटीत सुटी वाळू का नको, हे समजावयाचे तर ते जेवते कसे हे पाहिले पाहिजे. हा सरडा जिभेने जग चाखतो. नव्या जागी ठेवला की तो पावलोपावली जमिनीला जीभ लावतो आणि टाळूतील एका विशेष इंद्रियाकडे तो वास पोचवतो. शिवाय वाढत्या वयात त्याचा आहार मुख्यतः किड्यांचा. नाकतोडा वा रातकिडा दिसला की तो झेप घेऊन चिकट जिभेने त्याला उचलतो. किड्याबरोबर खालचे कणही तोंडात जातात. प्रौढ सरड्याच्या आतड्यातून थोडे कण निघून जातील. पण जेमतेम करंगळीएवढ्या पिल्लाचे आतडे ते केवढे! तेथे कणांवर कण साचत गेले की वाट बंद होते. शौच थांबते, पोट फुगते, भूक मरते, आणि फुगलेल्या आतड्याचा दाब कण्यालगतच्या नसांवर आला की मागचे पाय फरपटू लागतात. कित्येक पिल्ले यातच दगावतात.

परंतु सर्व दोष वाळूच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. ज्या सरड्याला पुरेशी उष्णता मिळते, पाणी मिळते आणि ज्याची हाडे सुदृढ असतात, त्याचे आतडे चांगले चालते. हा प्राणी स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. अन्न पचविण्यासाठी त्याला बाहेरच्या उबेचा आधार लागतो. तसेच हाडे बळकट होण्यासाठी त्याला कॅल्शियम हवे, आणि ते शरीरात मुरावे म्हणून सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण हवेत. ते खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, म्हणून बंद खिडकीतील कोवळे ऊन कितीही मनोहर दिसले तरी सरड्याच्या हाडांना त्याचा उपयोग नाही. त्यासाठी खास नळीदिवा लावावा लागतो आणि त्याची शक्ती ओसरत जाते म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो. कॅल्शियम कमी पडलेला प्राणी मुद्दाम माती-वाळू चाटू लागतो, म्हणजे एका उणिवेतून दुसरे संकट ओढवते. अशा वेळी आतड्यातील वाळू हे रोगाचे दृश्य रूप असते. त्याचे मूळ दिव्यात आणि आहारात असते.

मग तळाची एवढी चिंता कशासाठी? याचे उत्तर असे की, नवख्या पालकाच्या हातून दिव्याची आणि आहाराची हयगय होण्याचा काळ आणि पिल्लाच्या वाढीचा काळ हे दोन्ही एकाच वेळी येतात. दिवा दोन दिवस बंद पडला, चूर्ण द्यावयाचे राहून गेले, किडा जरा मोठा दिला गेला, तर त्या चुकीचा परिणाम तळ कसला आहे यावर अवलंबून राहतो. सुटी वाळू सरड्याच्या पोटात जाते. साधा कागद आपली चूक पोटात घालतो. वाढत्या पिल्लासाठी तळ निवडावयाचा तो ह्या एकाच कसोटीवर.

त्यात चेन्नईचा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो हवेचा. दाढीवाल्या सरड्याला हवेत ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. समुद्रकाठच्या या शहरात सकाळची आर्द्रता बहुधा ७० टक्क्यांच्या वर असते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत कपाटातील पुस्तकांनाही बुरशी येते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात वेलचेरीच्या घराघरांत पाणी शिरले होते, हे तेथील रहिवासी विसरलेले नाहीत. अशा हवेत जी वस्तू पाणी शोषून धरते ती पेटीच्या तळाशी घालणे म्हणजे सरड्याला ओल्या पोत्यावर निजवणे होय. त्याच्या पोटाखालच्या खवल्यांना जखमा होतात, श्वासमार्गाचे विकार जडतात, आणि त्वचेवर पिवळसर चट्टे पाडणारी एक घातक बुरशीही या जातीत आढळते. मुंबई, गोवा, रत्नागिरी येथील श्रोत्यांनाही हे लागू आहे. नागपूर वा सोलापूरच्या श्रोत्यांची या एका बाबतीत सुटका आहे, पण पावसाळ्यात तीही नाही.

ह्या दोन कसोट्या, पोटात न जाणारे आणि ओल न धरणारे, लावल्या की बाजारातील पुष्कळ पिशव्या आपोआप बाद होतात. नारळाच्या काथ्याचा भुसा तमिळनाडूत स्वस्त आणि मुबलक. कुंड्यांसाठी तो उत्तम, परंतु त्याचा गुणच पाणी धरून ठेवण्याचा असल्यामुळे येथे तो अवगुण ठरतो. लाकडाचा भुसा नाकातोंडात जातो, आणि देवदारासारख्या सुगंधी लाकडातील तेले सरड्याच्या फुप्फुसांना बाधतात. अक्रोडाच्या टरफलांची भरड कडांना धारदार असते. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची भरड ओलाव्याने फुगते. ‘पचणारी’ म्हणून विकली जाणारी कॅल्शियमची रंगीत वाळू ओली झाली की तिचे गोळे होतात. शिवाय तिची चव लागल्यामुळे सरडा ती अधिकच चाटतो. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांच्या कपच्या असतात. कोलम काढण्यासाठी दारोदार मिळणारी पांढरी पूड ही तर दगडाची धूळच. कृत्रिम हिरवळ आणि गालिचे दिसावयास नीटनेटके. पण त्यांच्या सुटलेल्या धाग्यात नखे अडकून बोटे दुखावतात, आणि विणीत मुरलेली घाण धुऊनही पुरती जात नाही.

उरते काय? माझ्या मते तीन गोष्टी उरतात, आणि तिन्ही साध्या आहेत: कागद, फरशी आणि घट्ट चोपलेली माती. त्यांचा क्रम सरड्याच्या वयाप्रमाणे लावावा.

पहिले तीन-चार महिने कागदासारखे दुसरे अंथरण नाही. छपाई न झालेला जाड कागद मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या चालतात. कागद फुकट, कोरडा आणि रोज बदलता येण्याजोगा असतो. त्यावर पिल्लाची विष्ठा स्पष्ट दिसते. ती रोज झाली की नाही, घट्ट की पातळ, हे पाहणे हीच त्या वयातील वैद्यकी होय. मात्र कडा चिकटपट्टीने चिकटवू नयेत; सैल सुटलेल्या पट्टीला पिल्लाची नाजूक कातडी चिकटते. कडांवर सपाट दगड ठेवले की काम भागते. कागदाचा दोष एवढाच की तो गुळगुळीत असतो. पाय सरकणाऱ्या पिल्लाला पकड मिळावी म्हणून एखादी खडबडीत फांदी वा दगड जवळ असू द्यावा.

पिल्लू वाढून हातभर होऊ लागले की त्याला पाय रोवावयास टणक भूमी हवी. येथे आपल्या स्वयंपाकघरातील जुना मित्र उपयोगी पडतो, तो म्हणजे कडप्पा. आंध्रातील ज्या कडप्पा जिल्ह्यावरून ह्या काळ्या दगडाला नाव पडले तो चेन्नईपासून फार दूर नाही. महाराष्ट्रात शहाबादी फरशीही तेच काम करील. मात्र घासून चकचकीत केलेला वा मेण-तेल चोळलेला तुकडा घेऊ नये. नैसर्गिक खरखरीत पृष्ठाचा घ्यावा. त्यावर चालताना सरड्याची नखे आपोआप झिजतात, पाय घसरत नाहीत, आणि दिव्याखालचा दगड दिवसभर तापून संध्याकाळी उष्णता सावकाश सोडतो. दूरच्या बाजूचा दगड मात्र थंड राहतो, ही चेन्नईच्या मे महिन्यात मोठीच सोय. प्रौढ सरड्याला किमान १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद अशी पेटी लागते. दोन सेंटिमीटर जाडीचा तेवढा सलग दगड सुमारे ३९ किलो भरेल आणि धुण्यासाठी कोणाला उचलता येणार नाही. म्हणून तो ३० सेंटिमीटर रुंदीच्या चार तुकड्यांत कापून घ्यावा. प्रत्येक तुकडा दहा किलोंच्या आत बसतो. कडा घासून बोथट कराव्यात आणि तुकडे एकमेकांना अगदी भिडवावेत. फटी राहिल्या तर रातकिडे त्यांत दडून बसतात आणि रात्री निजलेल्या सरड्यालाच चावतात. दगड नेहमी पेटीच्या तळावर सपाट टेकलेला असावा. मातीवर वा दुसऱ्या दगडावर डळमळता ठेवला तर त्याखाली प्राणी चिरडण्याचा संभव असतो.

सरडा वर्षाचा झाला, त्याची वाढ भरत आली, आहारात किडे कमी होऊन पाला वाढला, दिवा आणि चूर्ण यांची आपल्याला सवय लागली, म्हणजे मग त्या नागपूरकर मुलाच्या प्रश्नाला आपण निम्मे होकारार्थी उत्तर देऊ शकतो. खत आणि कीटकनाशक नसलेल्या मातीचे दोन भाग आणि धुतलेल्या बारीक वाळूचा एक भाग एकत्र करून, पाणी शिंपडून, गोठ्याची जमीन चोपतात तशी ती चोपावी आणि उन्हात पूर्ण वाळू द्यावी. अशी घट्ट भूमी उकरता येते, पण कणाकणाने तोंडात येत नाही. जेवण मात्र तिच्यावर न देता पसरट थाळीत वा दगडावरच द्यावे. वजनाचा हिशेबही आधी करावा. वर सांगितलेल्या पेटीत दहा सेंटिमीटर जाडीचा थर घातला तर तो ७२ लिटर होतो, म्हणजे शंभर किलोंहून अधिक. साध्या मेजाला ते ओझे पेलणार नाही. म्हणून पेटीच्या एखाद्या तृतीयांश भागातच माती घालून बाकीचा भाग फरशीचा ठेवणे व्यवहार्य ठरते.

मादीच्या बाबतीत ही माती केवळ हौसेची राहत नाही. नराचा सहवास नसतानाही वयात आलेली मादी अफल अंडी घालू शकते. त्या वेळी तिला खणावयास जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यातच तिचा अंत होऊ शकतो. सतत कोपरे उकरणारी, काचेवर पाय घासणारी आणि पोटाने जड झालेली मादी दिसली की वेगळ्या खोल टोपलीत वीस-तीस सेंटिमीटर ओलसर माती-वाळू भरून ती तिच्या स्वाधीन करावी आणि तिला एकांत द्यावा. काम झाले की टोपली बाहेर काढावी. ओलावा कायमचा नको, पण त्या दोन दिवसांपुरता तो हवाच.

उष्णतेविषयी एक नियम न विसरता पाळावा: ऊब वरून यावी, खालून नव्हे. सूर्य डोक्यावर असतो. सरड्याचे शरीर त्या सवयीचे आहे. विजेने तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात. त्यांवर पोट टेकून बसलेला सरडा भाजेपर्यंत उठत नाही. दिव्याखालच्या फरशीचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आणि दूरच्या टोकाचे २४ ते २९ अंश असावे. हे हवेत टांगलेल्या तापमापकाने कळत नाही. दुरून पृष्ठाचे तापमान दाखवणारा छोटा तापमापक मिळतो, तो दगडावर रोखून पाहावा. काळा कडप्पा उष्णता भराभर शोषतो, म्हणून दिव्याची उंची एकदा ठरवून स्वस्थ न बसता ऋतुमानाप्रमाणे बदलावी.

तळाचा संबंध सरड्याइतकाच आपल्या आरोग्याशीही आहे. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही ‘साल्मोनेला’ नावाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात पसरलेल्या अशा एका साथीचा माग तेथील आरोग्य यंत्रणेने पाळलेल्या दाढीवाल्या सरड्यांपर्यंत काढला होता. आजाऱ्यांत लहान मुले पुष्कळ होती. म्हणून विष्ठा दिसताच उचलावी. फरशीचे तुकडे आठवड्यातून एकदा बाहेर काढून प्रथम साबणाने घासावेत, मग पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावेत आणि कडकडीत वाळल्यावरच आत ठेवावेत. कडप्प्यावर लिंबू सांडले की डाग पडतो हे आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. तो चुनखडीचा दगड असल्यामुळे फरशी धुण्याचे ॲसिड त्याला लावू नये, आणि ब्लीचमध्ये तर ते कधीच मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. हे धुणे स्वयंपाकघरातील मोरीत नको. हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे हा घराचा नियमच असावा, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती सरडा वा त्याची भांडी देऊ नयेत.

एवढे करूनही कधी प्राणी बिघडतो. पिल्लाला दोन-तीन दिवस शौच झाले नाही, पोट टणक लागले, मागचे पाय ओढले जाऊ लागले, तर कोमट पाण्यात थोडा वेळ बसवून पाहावे. पण तेल, रेचक अशी घरगुती औषधे तोंडात ओतू नयेत. ती श्वासनलिकेत गेली तर प्राणी हातचा जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. वेपेरी येथील मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयाची परंपरा १९०३ पासूनची आहे. चेन्नईकरांनी तेथे चौकशी करणे सोयीचे. वैद्याकडे जाताना पेटीतील अंथरणाची चिमूट आणि शेवटची विष्ठा कागदात बांधून न्यावी. प्राण्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने त्या दोन वस्तूच पुष्कळ सांगतात.

आणि ज्यांना हा व्याप झेपणार नाही त्यांनी तो प्राणी आणूच नये. आणल्यानंतर कंटाळा आला म्हणून त्याला गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात वा पळ्ळिकरणैच्या दलदलीत सोडून देणे म्हणजे दया नव्हे. तो तेथे बहुधा मरतो, आणि जगला तर तेथील जीवांना आपले रोग देतो. अशा वेळी वनखात्याशी संपर्क साधावा.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगतो. तिला यंत्र लागत नाही. आठवड्यातून एकदा पेटीत हात घालून तळावर आपला तळवा सपाट टेकवावा आणि मिनिटभर तसाच ठेवावा. तळव्याला ओल लागली तर सरड्याच्या पोटाला ती रात्रंदिवस लागत आहे असे समजावे. चटका बसला तर दिवा वर घ्यावा. हात उचलल्यावर कण चिकटून आले तर तेच कण त्याच्या जिभेवरही जात असतील. आणि हात कोरडा, उबदार व स्वच्छ बाहेर आला, तर त्या दिवसापुरती आपली जबाबदारी आपण नीट पार पाडली. मग हात मात्र साबणाने धुवावा.